चकमकीची बंदूक: रंजक किती घालायची आणि भरलेली नळी सुखरूप कशी रिकामी करायची

चकमकीच्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते. एक नळीच्या बुडाशी, गोळीच्या किंवा छऱ्यांच्या मागे ठासलेली. दुसरी बाहेर, कानाला (नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या बारीक भोकाला) लागून असलेल्या प्याल्यात, चिमूटभर. ही बाहेरची दारू म्हणजे रंजक. चाप ओढला की घोडा पडतो, त्याच्या जबड्यातली गार, म्हणजे चकमकीचा दगड, प्याल्याच्या पोलादी झाकणावर घासते, झाकण पुढे उघडतं, ठिणग्या रंजकेत पडतात आणि रंजकेचा भडका कानाच्या भोकातून आत जाऊन मुख्य बार पेटवतो. बार न होणं, उशिरा होणं, प्याल्यात नुसता भडका होऊन थांबणं, या नवशिक्यांच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा रंजकेत नाहीतर कानात सापडतं.

त्याहून धोक्याचा एक समज आहे: रंजक झाडली म्हणजे बंदूक रिकामी झाली. तसं होत नाही. नळीतला बार जागच्या जागी असतो आणि कानातून आत गेलेली एक ठिणगी त्याला पुरते. म्हणून इथे रंजकेइतकीच, किंबहुना जास्तच, जागा बंदूक रिकामी करण्याला दिली आहे.

कायद्याचं आधी

कोल्हापूर जिल्ह्यात अशा बंदुका मुख्यतः दोन प्रकारच्या घरांत सापडतात. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या डोंगरपट्ट्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. ती बहुधा केपाची (घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या छोट्या टोपीची), क्वचित चकमकीची. दुसऱ्या म्हणजे जुन्या वाड्यांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेल्या.

शस्त्र परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर उसात शिरून सरीच्या सरी आडवी करत असलं, तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. गवा तर अनुसूची १ मधला प्राणी आहे. त्याच्या बाबतीत हा विचारही करू नये. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते, तो रस्ता आधी धरावा. भिंतीवरची बंदूक ‘शोभेची’ आहे म्हणून तिला परवाना लागत नाही, हाही गैरसमजच. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली सूट जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालू शकणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. घोडा आणि नळी शाबूत असलेली चकमकीची बंदूक त्यात बसत नाही.

चकमकीच्या बंदुकीनं काही देशांत आजही कायदेशीर शिकार होते, उदाहरणार्थ अमेरिकेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा चकमकीच्या बंदुकीसाठी राखलेला हिवाळी हंगाम आहे. बर्फात आणि पावसात दिवसभर भरलेली बंदूक घेऊन बसायचं आणि संध्याकाळी बार न टाकता ती रिकामी करून घरी यायचं, हा तिथला नित्याचा प्रश्न. रंजक कोरडी ठेवायच्या आणि नळी उपसायच्या पद्धती तिथे चांगल्या घोटल्या गेल्या आहेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेला त्या नीट लागू पडतात. रिकामी करण्याचा भाग केपाच्या बंदुकीलाही जवळजवळ तसाच लागू आहे.

रंजकेची दारू

रंजकेसाठी फक्त काळी दारू. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू, फटाक्यातली दारू, रंगीत अनाराचं मिश्रण, यांतलं काहीही प्याल्यातही नको आणि नळीत तर मुळीच नको. बिनधुराच्या दारूचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो. जुनी नळी तो झेलत नाही आणि बुडाशी, म्हणजे तुमच्या चेहऱ्याजवळच, फाटते. काळ्या दारूला पर्याय म्हणून विकली जाणारी पायरोडेक्ससारखी दारू पेटायला जास्त उष्णता लागते. ती केपेवर चालते, चकमकीच्या ठिणगीवर दगा देते.

काळ्या दारूची जाडी एफ अक्षरांनी सांगतात. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. २एफचा दाणा साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटर, ३एफचा ०.३ ते ०.८, आणि ४एफचा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. ४एफ ही रंजकेचीच दारू. ती मुख्य बार म्हणून नळीत भरायची नाही, कारण बारीक दाणा झपाट्यानं जळतो आणि दाब एकदम चढतो. ४एफ मिळाली नाही तर ३एफ रंजकेला चालते. पेटायला किंचित उशीर होतो, नवशिक्याला तो जाणवणारही नाही. २एफ रंजकेला जाड पडते.

जाड दारू घरी कुटून किंवा पाट्यावर वाटून बारीक करायची नाही. काळी दारू घर्षणानं आणि ठोक्यानं पेटू शकते. दारू परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत घ्या आणि मूळ डब्यातच ठेवा. बंदुकीजवळ न्यायची ती छोट्या पितळी रंजकदाणीत किंवा दारू ठेवायच्या शिंगात, दिवसाला लागेल तेवढीच.

किती आणि कशी

तीन ग्रेन. म्हणजे सुमारे ०.२ ग्रॅम, एका ग्रॅमात १५.४ ग्रेन होतात. प्याला लहान असेल तर दोन ग्रेन, मोठ्या जुन्या फौजी बंदुकीचा (मस्केटीचा) असेल तर चार. डोळ्यांनी मोजायचं तर प्याल्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा. काठोकाठ भरलेल्या प्याल्यानं बार लवकर होत नाही. उलट झाकण नीट बसत नाही, कडेला दाणे चिरडतात, आणि भडका एवढा मोठा होतो की माणूस पुढच्या वेळी डोळे मिटून चाप ओढतो.

प्रमाणापेक्षा जागा महत्त्वाची. रंजक कानाच्या जवळ पसरलेली हवी, पण कानाचं भोक मोकळं हवं. भोकात रंजक दाबून बसली की आग दाण्यामागून दाणा खात वातीसारखी आत सरकते आणि बार रेंगाळतो. भोक मोकळं असेल तर भडक्याची धग एका झटक्यात आत पोचते. कानाचं भोक साधारण १.५ ते १.८ मिलिमीटरचं असतं. जुन्या बंदुकीत ते झिजून मोठं झालेलं असलं, तर नळीतली दारू ठासताना कानातून आपोआप प्याल्यात येते आणि बार होताना आगीचा झोत बाजूला जोरात फेकला जातो. अशी बंदूक वापरायची नाही. परवानाधारक कारागिराकडून कानात नवी बुशी (भोक असलेला धातूचा छोटा तुकडा) बसवून घ्यावी लागते.

क्रम असा. नळी भरून होईपर्यंत प्याला रिकामा, झाकण उघडं, घोडा खाली. झाकण उघडं असलं की घोडा चुकून सुटला तरी गारेला घासायला काही मिळत नाही. नळी भरताना कानात कोंबडीच्या पिसाची दांडी किंवा लाकडी काडी घालून ठेवली, तर दारू बाहेर गळत नाही आणि कान मोकळा राहतो. नळी भरून झाली, गज (बार ठासायची लांब काठी) बाहेर काढून जागेवर ठेवला, तोंड सुरक्षित दिशेला वळवलं, की मगच काडी काढा. बारीक तारेनं कान एकदा टोचून बघा, घोडा अर्ध्यावर घ्या, रंजक घाला, झाकण मिटा. बंदूक हलकेच आडवी हलवली की रंजक सारखी पसरते. रंजक प्रत्यक्ष बार टाकायच्या जागी पोचल्यावरच घालायची. गाडीत, घरात, गोठ्यात, मचाणावर चढताना रंजक भरलेली बंदूक नको.

अर्ध्यावर घेतलेला घोडा म्हणजे सुरक्षा नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. जुन्या बंदुकांच्या यंत्रणेतली खाच झिजलेली असते आणि घोडा अर्ध्यावरूनही सुटतो. झाकणावर चढवायची कातडी टोपी शिवून घ्या. ती असली की घोडा पडला तरी ठिणगी उडत नाही. चाप ओढायच्या क्षणापर्यंत ती टोपी जागेवर राहू द्या.

गार जबड्यात कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट आवळा. कातडं नसेल तर ती घसरते नाहीतर तडकते. घोडा अर्ध्यावर असताना गारेची धार मिटलेल्या झाकणापासून दीड-दोन मिलिमीटर दूर आणि झाकणाला समांतर असावी. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सापडणारी पांढरी गारगोटी ठिणगी देते, पण भुगा होऊन लवकर संपते. अकीक कापून केलेली गार जास्त टिकते. ठिणगीची चाचणी पूर्ण रिकाम्या बंदुकीवरच करा, आणि ती रिकामी आहे हे गजानं तपासून. ठिणगी म्हणजे गारेनं झाकणाच्या पोलादाचा खरवडलेला तापलेला कण. म्हणून नवी गार लावूनही ठिणग्या लाल आणि मलूल पडत असतील, तर झाकणाचं पोलाद मऊ झालेलं असतं; त्याला पुन्हा पाणी द्यावं, म्हणजे तापवून कडक करावं लागतं आणि ते काम कारागिराचं.

ओल

जून ते सप्टेंबर आपल्या पश्चिम भागात रंजकेचा खरा शत्रू ओल. गगनबावड्याच्या किंवा पन्हाळ्याच्या धुक्यात उघड्या प्याल्यातली रंजक थोड्या वेळात काळ्या चिखलासारखी होते. चांगली दारू स्वतः फारशी ओल धरत नाही. पहिल्या बारानंतर प्याल्यात उरलेली राख ती ओढून घेते आणि वरच्या ताज्या रंजकेला देते. त्यामुळे प्रत्येक बारानंतर प्याला, झाकणाची आतली बाजू आणि गारेची धार कोरड्या चिंधीनं पुसा. ही सवय लागली की निम्म्या तक्रारी संपतात.

कोरड्या हवेत भरलेली रंजक तासाभरानं झाडून नवी घाला, धुक्यात किंवा रिपरिपीत दर पंधरा मिनिटांनी. दाणे सुटे न राहता गोळा होऊन पडले, तर वाट न बघता बदला. प्याल्याच्या काठावर मेण आणि चरबी मिसळून पातळ रेघ ओढली की झाकण मिटल्यावर फट बंद होते. रेघ बाहेरच्या काठावरच हवी, आत गेली तर रंजक तेलकट होते. चाप आणि घोड्यावर मेण चोळलेली कातडी गवसणी बांधता येते. बंदूक थंडीतून एकदम गरम घरात आणली की लोखंडावर दव धरतं आणि ते आत कानापर्यंत जातं.

बार झाला नाही तर

घोडा पडला आणि काहीच झालं नाही, किंवा प्याल्यात भडका होऊन नळी गप्प राहिली. दोन्ही वेळा पहिलं काम एकच: बंदूक खांद्यावरून काढायची नाही, तोंड लक्ष्याकडेच, आणि किमान एक पूर्ण मिनिट थांबायचं. आमच्या मते नवशिक्यानं दोन मिनिटं थांबावं. आत निखारा धुमसत असेल तर बार सेकंदांनी उशिरा होऊ शकतो. या वेळात कुणीही कानाच्या बाजूला उभं राहू नये. उजव्या हाताच्या बंदुकीचा झोत उजवीकडे जातो. नळीच्या तोंडात डोकावणं किंवा गज घालून बघणं तर या वेळात अजिबात नको.

मग झाकण उघडा, प्याला ब्रशनं साफ करा, कान तारेनं टोचा, नवी रंजक घाला, पुन्हा प्रयत्न करा. ठिणगीच पडली नसेल तर गार पुसा, धार बघा. भडका होऊनही बार नसेल तर कान बुजलाय किंवा बुडाशी तेल, नाहीतर ओल आहे. साफ केलेल्या बंदुकीतलं तेल भरण्यापूर्वी न पुसणं हे यामागचं सर्वांत नेहमीचं कारण. भरण्याआधी नळीत दोन कोरड्या चिंध्या फिरवा, कान टोचा, आणि रिकाम्या बंदुकीच्या प्याल्यात नुसती रंजक उडवून कान वाळवून घ्या. तीन प्रयत्नांत बार झाला नाही तर प्रयत्न थांबवा आणि बंदूक रिकामी करायला घ्या.

नळी भरलेली आहे का

हे फक्त गज सांगतो. प्याला रिकामा आहे, घोडा खाली आहे, घरातला वडीलधारा ‘रिकामीच आहे’ म्हणतो, यांतल्या कशालाच पुरावा मानू नका. काळी दारू कोरडी राहिली तर दशकं उलटली तरी जिवंत असते. वाड्यात पणजोबांच्या काळी भरून ठेवलेला बार आजही उडू शकतो.

कुणी भरली ते माहीत नसलेल्या जुन्या बंदुकीला हात लावू नका, तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे. बाकीच्या बंदुकीची आधी रंजक झाडा, गार काढून ठेवा किंवा झाकण उघडून घोडा हळूच खाली घ्या. बंदुकीचं तोंड मातीच्या ढिगाकडे किंवा वाळूच्या पोत्यांकडे. लाकडी किंवा पितळी गज बाजूला उभं राहून नळीत सोडा. गजाच्या टोकावर तळहात ठेवायचा नाही. तो बाजूनं बोटांत धरायचा. तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी पेन्सिलनं खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी जुळवा. गजाचं टोक कानापर्यंत किंवा त्याच्या दोन-चार मिलिमीटर मागे पोचलं तर नळी रिकामी. कानाच्या पुढे काही सेंटीमीटर थांबलं तर आत काहीतरी आहे. अंदाजासाठी: ५० कॅलिबरच्या (आतून सुमारे १२.७ मिलिमीटर रुंद) नळीत ७० ग्रेन दारू आणि एक गोळी मिळून साधारण पाच सेंटीमीटर जागा खातात. रिकाम्या नळीत गज टाकला तर लोखंडावर आपटल्याचा टणक आवाज येतो, भरलेल्या नळीत बोथट. आवाजावर एकट्यावर विसंबू नका.

काही बंदुकांच्या बुडाशी नळीहून अरुंद कोठी असते. तिथे गज कानाच्या अलीकडेच अडतो आणि रिकामी नळीही भरलेली भासते. म्हणून खात्रीनं रिकाम्या असताना प्रत्येक बंदुकीच्या गजावर कायमची खूण कोरून ठेवा. अंतर फारच जास्त भरलं तर दोन बार एकावर एक असू शकतात. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावर गोळा केलेल्या हजारो ठासणीच्या बंदुकांत एकाहून जास्त बार ठासलेले सापडले होते. गडबडीत बार उडाला नाही हे सैनिकांना कळलंच नाही. टांगून ठेवलेल्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असणं हेही नेहमीचं. ते दारूइतकंच धोक्याचं आहे. वरून बार टाकला तर नळी फुगते किंवा फाटते.

रिकामी करण्याचे मार्ग

स्वतः आजच भरलेली, चांगल्या स्थितीतली बंदूक असेल आणि कायदेशीर जागा असेल, तर बार टाकून रिकामी करणं सोपं. मऊ मातीचा उंच बांध हवा. जांभ्याचा दगड, काळा पाषाण, झाडाचं खोड किंवा तळ्याचं पाणी नको; गोळी घसरून भलतीकडे जाते. वस्तीजवळ, रस्त्याजवळ, अभयारण्याच्या हद्दीत हा मार्ग बंद.

छऱ्यांचा बार उपसायला सर्वांत सोपा. प्याला झाडा, गार काढा, कानात काडी घाला. गजाला फिरकीसारखा पेच लावून वरचा बोळा धरून बाहेर ओढा, बंदूक तिरपी करून छरे डब्यात पाडा, दारूवरचा बोळा काढा, मग दारू पाण्याच्या बादलीत ओता. छरे मोजून घेतले तर सगळे आले की नाही ते कळतं.

गोळी उपसायला वेळ द्या. पहिलं काम दारू मारणं. चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीत घट्ट बसते, त्यामुळे तोंडातून ओतलेलं पाणी दारूपर्यंत पोचेलच असं नाही. पाणी कानातून घालायचं. इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज घ्या, कानाला लावा आणि काळं पाणी परत येईपर्यंत थोडं थोडं दाबा. तोंडातूनही पाणी ओता आणि अर्धा तास तसंच ठेवा. पाण्यानं दारूतला सोरा विरघळतो. तेल किंवा रॉकेलवर हे काम सोडू नका. त्यानं दारू भिजल्यासारखी दिसते, पण ती मेल्याची खात्री होत नाही.

आता गजाला गोळी काढायचा पेच लावा. पेचाभोवती नळीच्या मापाची पितळी बुशी हवी, म्हणजे पेच गोळीच्या मध्यात शिरतो. बुशीशिवाय तो कडेला जाऊन नळीची भिंत खरवडतो. लाकडी गज इथे टिकत नाही. तो तिरका चिरतो आणि त्याचा भाला हातात घुसतो. पितळी किंवा पोलादी गज घ्या, टोकाला आडवी मूठ असलेला. हलक्या हातानं घड्याळाच्या दिशेनं फिरवा. शिसं मऊ असतं, दोन-तीन फेऱ्यांत पेच धरतो. पुढे दाबत राहिलात तर गोळी नळीत रुंदावून आणखी घट्ट होते. मग बंदूक पक्क्या आधाराला बांधून, स्वतः नळीच्या तोंडासमोर न येता कडेला राहून, सरळ रेषेत ओढा. हिसका द्यावा लागला तरी तो सरळच. गोळी निघाल्यावर दारूचा लगदा बाहेर काढा, नळी पाण्यानं धुवा आणि गजानं पुन्हा तपासा. ओला लगदा नळीत वाळू दिला तर तो पुन्हा पेटू शकतो, म्हणून धुणं त्याच बैठकीत पूर्ण करा.

दाबलेल्या वायूची छोटी नळकांडी वापरून कानातून गोळी ढकलून बाहेर काढणारं साधनही मिळतं. सोयीचं आहे, पण आधी दारू भिजवलेली हवी आणि गोळी वेगानं सुटते हे धरून तोंड मातीकडेच हवं. कानाची बुशी आट्यांची (स्क्रूसारखी फिरवून बसवलेली) असेल तर ती काढून तिथे ग्रीसचं निपल बसवून ग्रीस गननं गोळी सावकाश बाहेर ढकलता येते. पेच धरत नाही तेव्हा हा उपाय हमखास चालतो. नंतर ग्रीस पूर्ण धुवायचं कष्ट असतात.

दारू घालायची विसरून नुसती गोळी ठासली गेली, हा प्रकार नवशिक्यांकडून होतोच. गोळी उपसा. कानातून थोडी रंजक सरकवून ती उडवण्याची पद्धत आहे, पण गोळी बुडाशी घट्ट टेकलेली नसेल तर नळीला धोका असतो. अनुभवी माणूस शेजारी नसताना ती करू नका.

जुन्या, कुणी भरली ते माहीत नसलेल्या बंदुकीला वरचं काहीही लागू नाही. ती उडवून रिकामी करायची नाही. चाप, घोडा, झाकण यांना हात लावू नका, घोडा वर चढलेला असेल तर विशेषच. तोंड सुरक्षित दिशेला राहील अशी ठेवा, खोलीला कुलूप लावा, पोलीस ठाण्यात कळवा आणि परवानाधारक कारागिराकडून ती रिकामी करून घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगची कामं हाताशी असल्यानं बंद पडलेली नळी तिकडे न्यायचा मोह होईल. नळीच्या बुडाशी मारलेलं ड्रिल, लावलेली आग किंवा घातलेला हातोडा, यांतलं कोणतंही एक बार पेटवायला पुरतं.

धुणं आणि ठेवणं

काळ्या दारूची राख म्हणजे मुख्यतः क्षार. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. कोमट पाणी आणि साधा साबण, नळीत चिंधी वरखाली, कानातून पाणी स्वच्छ येईपर्यंत. पावसाळ्यात न धुतलेली नळी एका रात्रीत तांबेरा धरते. चाप-घोड्याची यंत्रणा काढता येत असेल तर तीही धुवा. नंतर कोरड्या चिंध्या, उन्हात थोडा वेळ, आणि तेलाचा पातळ हात. बंदूक तोंड खाली करून टेकवा, म्हणजे तेल बुडाशी आणि कानात साचत नाही. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी फिरवून बघा. तांबूस आली तर पुन्हा धुवा.

उपसलेली दारू डब्यात परत घालू नका आणि ढीग करून पेटवू नका. बादलीभर पाण्यात कालवून सोरा विरघळू द्या आणि विहिरीपासून, जनावरांच्या पाण्यापासून दूर मातीत जिरवा. उपसलेली गोळीही पुन्हा वापरायची नाही. पेचानं तिचा आकार बिघडलेला असतो.

निवडणुकीच्या आचारसंहितेत तसा आदेश आला तर परवान्यावरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. नेण्याआधी घरीच गजानं तपासा, गार काढून वेगळी ठेवा, झाकण उघडं ठेवा, दारू सोबत नेऊ नका आणि ठाण्यात गज घालून रिकामी नळी दाखवा. परत मिळाल्यावरही तीच तपासणी पहिल्यापासून करा. खूण कोरलेला गज बंदुकीसोबतच राहू द्या. दुसऱ्या बंदुकीचा गज लांबीला वेगळा असतो आणि त्याची खूण इथे जुळत नाही.